आपल्या उसाचे पेट्रोल आणि आपल्या गाडीचे अ‍ॅव्हरेज



लागणीच्या तारखा, बेणे, हुमणी आणि ठिबक या नेहमीच्या विषयांबरोबर अलीकडे गट सभांमध्ये एक वेगळाच प्रश्न आमच्यापुढे येऊ लागला आहे. "साहेब, पेट्रोलात आपलं स्पिरिट मिसळायला लागल्यापासून गाडीचं अ‍ॅव्हरेज पडलंय. खरं का खोटं?" एक म्हणतो, लिटरला दहा किलोमीटर गेले. दुसरा म्हणतो, काही फरक नाही, ही सगळी आवई आहे. तिसरा विचारतो, महागातले पेट्रोल टाकू का? चौथा सांगतो, जाड ऑइल टाकले की गाडी सुधारते.

शेतकी खात्याने इंजिनाविषयी लिहावे का, असे कोणी म्हणेल. पण त्या टाकीत जे पडते आहे त्यातला काही भाग आपल्याच फडातून, गव्हाणीतून आणि आसवनीतून गेलेला आहे. ऊस विकणारेही आपण आणि पेट्रोल घेणारेही आपणच. तेव्हा दोन्ही बाजूंचा हिशेब सभासदाला ठाऊक असावा, म्हणून हा लेख. उत्तर आधीच सांगून टाकतो. अ‍ॅव्हरेज थोडे कमी होते हे खरे आहे. पण जेवढे कमी झाले म्हणून ओरड होते, तेवढे सगळे इथेनॉलच्या माथी मारता येत नाही.

मिरजेपासून सुरुवात

पेट्रोलात अल्कोहोल मिसळण्याची कल्पना नवी नाही. स्वातंत्र्यानंतर लगेच, १९४८ साली, त्यासाठी 'पॉवर अल्कोहोल' कायदाच झाला होता. पुढे तो मागे पडला आणि २००० साली रद्द झाला. पण लगोलग २००१ साली पेट्रोलात पाच टक्के इथेनॉल मिसळून विकण्याचे प्रयोग देशात तीन ठिकाणी सुरू झाले. त्यांतली दोन ठिकाणे महाराष्ट्रातली होती, मनमाड आणि आपल्या सांगली जिल्ह्यातले मिरज. तिसरे उत्तर प्रदेशात बरेलीकडचे. म्हणजे आज देशभर जे चालले आहे, त्याची चाचणी आपल्या दारात झालेली आहे.

त्यानंतर २००३ पासून महाराष्ट्रासह नऊ राज्यांत पाच टक्के मिश्रण सुरू झाले. मधली काही वर्षे ते रडतखडत चालले. २०१८ च्या जैवइंधन धोरणानंतर मात्र वेग आला. जून २०२२ मध्ये देशाची सरासरी दहा टक्क्यांवर गेली, फेब्रुवारी २०२३ पासून वीस टक्क्यांचे 'ई-२०' पेट्रोल पंपांवर येऊ लागले आणि २०२५ साली देशभरचे मिश्रण वीस टक्क्यांवर पोचले. आधी हे उद्दिष्ट २०३० साठी होते, ते पाच वर्षे अलीकडे आणले गेले. गाड्या मात्र त्या वेगाने बदललेल्या नाहीत. वाड्यावस्त्यांवर आजही दहा-पंधरा वर्षांच्या मोटारसायकली रोज पळत आहेत. ओरड होते ती मुख्यतः इथे.

ऑक्टेन म्हणजे ताकद नव्हे

पंपावर पेट्रोलच्या नावापुढे ९१, ९५, ९७, १०० असे आकडे दिसतात. आकडा मोठा म्हणजे पेट्रोल जोरदार आणि अ‍ॅव्हरेज जास्त, असा सर्रास समज आहे. हा समज चुकीचा आहे.

पेट्रोल इंजिनात हवा आणि पेट्रोलची वाफ सिलिंडरमध्ये ओढली जाते, पिस्टन ती दाबतो आणि ठरलेल्या क्षणी प्लग ठिणगी टाकतो. दाब व उष्णता फार वाढली तर मिश्रणाचा काही भाग आपणहून भडकतो. मग आतून टिकटिक, खडखड असा लोखंडी आवाज येतो. खंबाटकी घाट चढताना वरच्याच गिअरमध्ये गाडी रेटली की हा आवाज पुष्कळांनी ऐकला असेल. मेकॅनिक म्हणतो, 'इंजिन नॉकिंग करतंय.' अशा ठोक्यांनी शक्ती वाया जाते आणि पिस्टनही खराब होतो.

आपणहून न भडकण्याचा जो गुण, त्याचे माप म्हणजे ऑक्टेन. आयसो-ऑक्टेन नावाच्या द्रवाला १०० आणि हेप्टेनला शून्य धरून ही मोजपट्टी केलेली आहे. पूर्वी हा आकडा वाढवण्यासाठी पेट्रोलात शिशाचे संयुग घालत. ते विषारी असल्याने फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसेमुक्त पेट्रोल आले. इथेनॉलचा स्वतःचा ऑक्टेन १०८ च्या आसपास आहे, त्यामुळे शिसे जे काम करीत असे ते इथेनॉल विषाशिवाय करते. साध्या पेट्रोलला ९१ ऑक्टेन लागतो. वीस टक्के मिश्रणात तो ९५ पर्यंत जातो. उलट भेसळीचे रॉकेल ऑक्टेन खाली ओढते.

आता हे उसाच्या भाषेत मांडू. पिकाला शिफारशीइतका युरिया मिळाला की पुरे. त्यावर आणखी दोन पोती टाकली म्हणून टनेज वाढत नाही, ऊस लोळतो आणि पैसे जातात. ऑक्टेनचेही तसेच आहे. तुमच्या इंजिनाला ९१ पुरत असेल तर १०० चे पेट्रोल टाकून त्याला काही जादा मिळत नाही. जास्त दाबाची, महागडी किंवा टर्बो इंजिने असतात, त्यांच्या पुस्तकात जास्त ऑक्टेनची शिफारस असेल तर ती पाळावी. शेतावर आणि डेअरीला जाणाऱ्या शंभर-सव्वाशे सीसीच्या गाडीला ती चैन नको.

मग अ‍ॅव्हरेज का पडते?

आपण ऊस टनावर घालतो, पण साखर निघते ती उताऱ्यावर. दोन फडांचे वजन सारखे भरले तरी उतारा वेगळा असतो. पेट्रोलही आपण लिटरवर घेतो, पण गाडी पळते ती त्यातल्या उष्णतेवर. ही उष्णता म्हणजे इंधनाचा उतारा समजा.

एक लिटर पेट्रोलमध्ये सुमारे ३२ मेगाज्यूल उष्णता असते, एक लिटर इथेनॉलमध्ये सुमारे २१. म्हणजे इथेनॉलचा उतारा पेट्रोलच्या दोन तृतीयांश. वीस टक्के मिसळल्यावर लिटरमागे साधारण २९.८ मेगाज्यूल राहतात. निव्वळ पेट्रोलशी तुलना केली तर सुमारे सात टक्के घट आणि आधीच्या दहा टक्के मिश्रणाशी केली तर साडेतीन टक्क्यांच्या आसपास.

प्रत्यक्ष रस्त्यावर ही सगळी घट दिसतेच असे नाही. इथेनॉलमध्ये स्वतःचा प्राणवायू असतो, ज्वलन स्वच्छ होते, आणि ऑक्टेन जास्त असल्याने ई-२० साठी बांधलेले इंजिन जास्त दाबाचा फायदा उठवू शकते. निती आयोगाने जून २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या तज्ज्ञ समितीच्या अहवालात हे अंदाज दिलेले आहेत:

– निव्वळ पेट्रोलसाठी रचलेली, दहा टक्क्यांसाठी जुळवलेली चारचाकी ई-२० वर चालवली तर ६ ते ७ टक्के घट.
– तशाच दुचाकीत ३ ते ४ टक्के घट.
– दहा टक्क्यांसाठी रचलेली आणि वीस टक्क्यांसाठी जुळवलेली चारचाकी असेल तर १ ते २ टक्के घट.

म्हणजे पन्नास देणारी मोटारसायकल अठ्ठेचाळीस देऊ लागली, तर ते इथेनॉलचे काम म्हणता येईल. पन्नासची चाळीस झाली असेल, तर कारण दुसरीकडे शोधावे लागेल.

जुन्या कार्ब्युरेटरच्या गाड्यांबाबत एक गोष्ट वेगळी आहे. एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ गाड्यांत इंधन मोजून फवारणारी इंजेक्शन पद्धत असते. ती मिश्रणातला फरक ओळखून बऱ्याच अंशी सावरून घेते. कार्ब्युरेटरला तेवढी अक्कल नसते. त्यात हवा जास्त आणि इंधन कमी अशी स्थिती होऊन सकाळी गाडी सुरू व्हायला कुरकुर करते, मिसिंग मारते, तापते. चांगल्या मेकॅनिककडून ट्यूनिंग करून घ्यावे. पेट्रोलची रबरी नळी आणि वॉशर फुगले आहेत का, चिरले आहेत का, तेही पाहावे. जुन्या रबराला इथेनॉल मानवत नाही. नळी बदलायला खर्च थोडा येतो, पण ती ठिबकू लागली तर आगीचा धोका असतो.

पाण्यापासून सांभाळा

इथेनॉल पाणी ओढून घेते. म्हणूनच आसवनीत पहिल्यांदा निघणारे सुमारे ९५ टक्क्यांचे स्पिरिट पेट्रोलात चालत नाही; त्यातले पाणी काढून ते ९९ टक्क्यांच्या वर शुद्ध करावे लागते. थोडे पाणी मिश्रणात विरघळून राहते. त्याहून जास्त गेले, तर पाणी आणि इथेनॉल मिळून टाकीच्या तळाशी बसतात आणि इंजिनाकडे पहिल्यांदा तेच जाते. मग गाडी दोन झटके देते आणि बंद पडते.

पाटण, जावळी, शिराळा या पावसाच्या पट्ट्यातल्या सभासदांनी याची विशेष काळजी घ्यावी. टाकीच्या झाकणाचे रबर शाबूत ठेवा. गाडी पावसात उघडी लावू नका. पावसाळ्यात महिना-दोन महिने गाडी उभीच राहणार असेल तर टाकी भरून ठेवा. रिकाम्या टाकीत दमट हवा जास्त मावते. कॅनमध्ये पेट्रोल साठवून महिनोन्‌महिने वापरण्याची सवय आता सोडावी. फवारणीच्या पंपाला आणि गवत कापणीच्या यंत्राला काम संपल्यावर टाकीत पेट्रोल ठेवू नये. ट्रॅक्टरची चिंता नको. डिझेलला ऑक्टेन लागत नाही आणि पंपावरच्या डिझेलमध्ये इथेनॉलही नसते.

ऑइल: जाड की पातळ?

अ‍ॅव्हरेजच्या तक्रारीत ऑइलचा वाटा असतो, पण त्याच्याकडे कोणी बघत नाही. डब्यावर २०डब्ल्यू-४०, १०डब्ल्यू-३० असे आकडे असतात. पहिला आकडा थंडीत ऑइल किती पातळ राहते ते सांगतो, दुसरा इंजिन तापल्यावर ते किती जाड राहते ते सांगतो. आकडा मोठा, तेवढे ऑइल जाड.

जाड ऑइल ढवळायला इंजिनाची शक्ती जाते, जशी चिखलातून बैलगाडी ओढताना बैलाची जाते. पुस्तकात १०डब्ल्यू-३० लिहिले असताना २०डब्ल्यू-५० टाकले, तर शेकडा एक-दोन टक्के अ‍ॅव्हरेज सहज जाते. डिसेंबर-जानेवारीच्या कृष्णाकाठच्या थंडीत सकाळी ते जास्तच जाणवते. उलट, जुन्या झिजलेल्या इंजिनात शिफारशीपेक्षा पातळ ऑइल टाकले, तर वंगणाचा थर टिकत नाही, ऑइल जळते आणि सायलेन्सरमधून निळसर धूर येतो. म्हणून जाड चांगले की पातळ, हा वादच नको. गाडीच्या पुस्तकात जो आकडा आहे तोच घ्यावा.

मोटारसायकलबाबत आणखी एक दक्षता. बहुतेक मोटारसायकलींत इंजिन, गिअर आणि क्लच एकाच ऑइलात बुडालेले असतात. कारसाठीची काही ऑइले घर्षण फार कमी करतात. ती मोटारसायकलमध्ये टाकली तर क्लच घसरू लागतो. इंजिन ओरडते, गाडी पुढे सरकत नाही, पेट्रोल मात्र जळते. डब्यावर 'जासो एमए' किंवा 'एमए२' असा शिक्का पाहूनच ऑइल घ्यावे. घरात ट्रॅक्टरचे ऑइल उरले आहे म्हणून ते फटफटीत ओतू नये.

ऑइलची पातळी खुणेइतकीच असावी. कमी असेल तर इंजिन झिजते. जास्त असेल तर आत फेस होतो आणि शक्ती खाल्ली जाते. काळे पडले म्हणून ऑइल खराब झाले असे नाही, ते मळ धरून ठेवते म्हणून काळे होते. पण दुधाळ, साईसारखे दिसले, तर त्यात पाणी गेले आहे असे समजावे. घर ते मळा असे दीड-दोन किलोमीटरचे फेरे मारणाऱ्या गाड्यांत हे होते, कारण इंजिन पुरते तापतच नाही आणि आतला ओलावा उडून जात नाही. अशी गाडी आठवड्यातून एकदा तरी पंधरा-वीस किलोमीटर सलग चालवावी, आणि ऑइल किलोमीटर पुरे झाले नसले तरी पुस्तकातल्या मुदतीवर बदलावे.

याखेरीज टायरमधली हवा, कोरडी किंवा ताणलेली चेन, घासत राहणारा ब्रेक आणि धुळीने गच्च झालेला एअर फिल्टर हे चोर आहेतच. गाळप हंगामात ऊस वाहतुकीच्या रस्त्यांवर धूळ किती असते, ते आपल्याला सांगायला नको. त्या दिवसांत फिल्टर लवकर लवकर साफ करावा. आणि मागे वाढ्याचा भारा, पुढे दुधाची किटली बांधून काढलेले अ‍ॅव्हरेज पुस्तकातल्या आकड्याशी जुळणार नाही. बाजारात अ‍ॅव्हरेज वाढवणाऱ्या गोळ्या, बाटल्या आणि पेट्रोलच्या नळीला बांधायची लोहचुंबके मिळतात. त्यांवर पैसे घालू नयेत.

दोन्ही बाजूंचा हिशेब

आता पैशाचे बोलू. महिन्याला ८०० किलोमीटर फिरणारी मोटारसायकल पन्नासवरून अठ्ठेचाळीसवर आली, तर सुमारे पाऊण लिटरपेक्षा थोडे कमी पेट्रोल जादा लागते. लिटरला १०५ रुपये धरले तर महिन्याला ७० रुपये. महिन्याला हजार किलोमीटर फिरणाऱ्या, लिटरला पंधरा देणाऱ्या जुन्या कारमध्ये सहा टक्के घट धरली, तर सव्वाचार लिटर जादा, म्हणजे महिन्याला साडेचारशे रुपयांच्या घरात आणि वर्षाला पाच हजारांवर. ही रक्कम लहान नाही आणि ती लहान आहे असे आम्ही म्हणणार नाही.

दुसऱ्या बाजूला, एक टन उसातून साखर काढल्यावर जी शेवटची मळी राहते, तिच्यापासून साधारण ९ ते १० लिटर इथेनॉल होते. २०२४-२५ च्या वर्षासाठी या इथेनॉलचा सरकारी खरेदी दर लिटरला ५७ रुपये ९७ पैसे ठरला होता. दहा लिटर धरले तर टनामागे ५८० रुपयांची विक्री. हे सगळे आपल्या खिशात येत नाहीत. वाफ, मजुरी, कर्जाचे व्याज आणि सांडपाण्याची प्रक्रिया त्यातून वजा जाते. पण साखर गोदामात अडकून पडली असताना ऊस बिलाला हातभार लागतो तो इथूनच. एकरी ४० टन ऊस काढणाऱ्या सभासदाच्या एका एकराच्या मळीतून ४०० लिटर इथेनॉल निघते आणि त्यातून दोन हजार लिटर ई-२० पेट्रोल तयार होते. अठ्ठेचाळीसचे अ‍ॅव्हरेज धरले, तरी तेवढ्यात मोटारसायकल ९६ हजार किलोमीटर जाईल.

मात्र पंपावर आपल्या शेजारी उभा असलेला शिक्षक, टपरीवाला किंवा एसटीतला कंडक्टर यांना ऊस बिल मिळत नाही. त्यांची फक्त घट होते. त्यांनी तक्रार केली तर 'काही फरक पडत नाही' असे म्हणून ती झिडकारणे बरोबर नाही. २०२१ च्या त्याच अहवालात, उष्णता कमी असल्याने अशा पेट्रोलचा दर साध्या पेट्रोलपेक्षा कमी असावा, अशी शिफारस होती. पंपावर तसा स्वस्त दर मिळालेला नाही. इथेनॉलची सरासरी खरेदी किंमतच आता पेट्रोलपेक्षा जास्त पडते, असे पेट्रोलियम मंत्रालयाने २०२५ मध्ये सांगितले. आज पंपावरचे सगळे इथेनॉल उसाचे नाही, मोठा वाटा मक्याचा आहे, हेही ध्यानात ठेवावे.

ब्राझीलचा अनुभव यात उपयोगी आहे. त्यांनी १९७५ साली उसाच्या इथेनॉलचा मोठा कार्यक्रम हाती घेतला. १९८९ च्या सुमारास साखर कारखाने साखरेकडे वळले, इथेनॉल अपुरे पडले आणि निव्वळ इथेनॉलच्या गाड्या घेतलेले लोक अडकले. लोकांचा विश्वास उडाला. तो परत यायला २००३ साल उजाडले, जेव्हा पेट्रोल आणि इथेनॉल कोणत्याही प्रमाणात चालणाऱ्या गाड्या आल्या. तिथला गाडीवाला पंपावर साधा हिशेब करतो: इथेनॉलचा दर पेट्रोलच्या सत्तर टक्क्यांपेक्षा कमी असेल तर इथेनॉल, नाहीतर पेट्रोल. उतारा पाहून दर द्यायचा, हे ऊस शेतकऱ्याला वेगळे समजावून सांगायला नको.

स्वतः मोजा

अंदाजाने बोलण्यापेक्षा वहीत नोंद ठेवा. टाकी काठोकाठ भरा, किलोमीटरचा आकडा लिहा. गाडी नेहमीसारखी चालवा. पुन्हा त्याच पंपावर टाकी तशीच भरा आणि किती लिटर बसले ते लिहा. आधी १८,२४० आणि आता १८,५५२ असेल, तर ३१२ किलोमीटर झाले. साडेसहा लिटर बसले असतील, तर अ‍ॅव्हरेज ४८. एका भरणीवर विश्वास ठेवू नका. तीन-चार भरण्यांची सरासरी काढा. रिझर्व्ह लागल्यापासून रिझर्व्ह लागेपर्यंतच्या मोजणीत चूक फार होते.

एवढे करूनही घट सात टक्क्यांच्या वर दिसली, तर आधी हवा, चेन, फिल्टर आणि ऑइल पाहा, मग मेकॅनिककडे जा. पुढच्या गट सभेला येताना ती वही बरोबर आणावी. दहा-वीस सभासदांच्या अशा नोंदी समोर असल्या, की कोणत्या गाडीला किती फरक पडला ते आपल्याच गटात कळेल आणि प्रश्नाला उत्तर देणे आम्हालाही सोपे जाईल.

कळावे, जय सहकार!

ऊस विकास अधिकारी
शेतकी विभाग